चाळीस अक्षांशाच्या खाली काय पाहिलंत?

दक्षिण गोलार्धात चाळीस अक्षांशाच्या खाली जमीन फार थोडी. न्यूझीलंडचं दक्षिण बेट, टास्मानिया, चिली-अर्जेंटिनाचं पाटागोनिया, काही विखुरलेली बेटं आणि मग थेट अंटार्क्टिका. बाकी सगळं पाणी, आणि त्या पाण्यावरून सुसाट येणारा पश्चिमेचा वारा.

आपल्याकडची बरीच मंडळी आता तिकडे जाऊन येतात. पण आल्यावर ऐकायला मिळतं ते व्हिसा, हॉटेल आणि शाकाहारी जेवणाचे हाल. ते इथे नको. एकच जागा घ्या. दगड, कडा, बर्फ, काहीही. तिथे काय दिसलं तेवढं लिहा. सुरुवात मी करते.

मोएराकीचे गोटे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ड्युनेडिन शहराच्या उत्तरेला, गाडीने तासाभरावर. भरतीत हे गोटे अर्धेअधिक बुडतात, म्हणून ओहोटीची वेळ बघून गेलो. सपाट वाळूवर गोल दगड पडलेले, सर्वांत मोठे दोन मीटर व्यासाचे. समुद्राने घासून गोल केले असतील असं वाटतं, पण तसं नाही. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या चिखलात ते जागच्या जागी वाढले. कॅल्साइट या खनिजाने चिखलाचे कण धरून ठेवले आणि गोळा सगळ्या बाजूंनी सारखा मोठा होत गेला. मोठ्या गोट्यांना त्यासाठी ४० लाख वर्षं लागली असावीत. पुढे तळ वर उचलला गेला. आता लाटा मागचा मातीचा कडा खातात आणि गोटे एकेक करून बाहेर पडतात. फुटलेल्या गोट्यात डोकावलं तर आत पिवळ्या-तपकिरी कॅल्साइटच्या भिंती दिसतात.

माओरी सांगतात की आराइतेउरू नावाची मोठी होडी इथे फुटली आणि तिच्यातल्या टोपल्या, भोपळे, रताळी किनाऱ्याला लागली, तेच हे गोटे. मला दोन्ही गोष्टी सारख्याच आवडल्या.

*ऑकलंडहून*

मिलफर्ड साउंड, तेही न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच. सासूसासरे आले होते तेव्हा गेलो. सकाळपासून धो धो पाऊस. सासूबाई म्हणाल्या, "पाऊसच बघायचा होता तर आंबोली काय वाईट होती?" त्यांचं अगदीच चूक नव्हतं. मिलफर्डलाही वर्षाला सहा मीटरहून जास्त पाऊस पडतो.

पण बोट आत गेली आणि त्या गप्पच झाल्या. हिमनदीने कोरलेली ती खाडी. दोन्ही बाजूंचे कडे पाण्यातून सरळ उभे आणि त्यांच्यावरून नजर जाईल तिथे धबधबे. बोएन आणि स्टर्लिंग हे दोन बारमाही, दीडशे मीटरच्या आसपास उंचीचे. बाकीचे सगळे पावसाचे. पाऊस थांबला की काही तासांत नाहीसे. काही धबधब्यांचं पाणी खाली पोचतच नव्हतं, वारा ते मधूनच उचलून परत वर फेकत होता.

बोटीवर कळलेली एक गोष्ट. रानातून येणारं पाणी झाडपाल्यामुळे चहाच्या रंगाचं असतं, आणि हलकं असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. त्या थरामुळे उजेड खाली जात नाही, म्हणून एरवी खोल समुद्रात वाढणारं काळं पोवळं इथे दहा-बारा मीटरवरच सापडतं.

सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्यांबद्दल कोणी आधी सांगत नाही. माओरी कथेत हिने-नुई-ते-पो या देवीने त्या मुद्दाम सोडल्या, माणसांनी या सुंदर जागी मुक्काम ठोकू नये म्हणून. देवीचा बेत पक्का आहे. वाटेतल्या होमर बोगद्यापाशी गाडी थांबवलीत तर किआ पोपटांपासून काचेचं रबरही सांभाळा.

*ठाण्याहून*

आम्हाला मिलफर्डला लख्ख ऊन मिळालं. फोटो झकास आले, धबधबे मात्र दोनच. वरचं वाचून जळफळाट झाला.

*पुण्याहून*

पेरितो मोरेनो हिमनदी, अर्जेंटिना. एल कालाफाते गावाहून बसने जातात. समोर पाच किलोमीटर रुंद बर्फाची भिंत, पाण्यावर साठेक मीटर उंच. फोटोत ती गप्प असते, प्रत्यक्षात सारखी बोलत असते. आत कुठेतरी कडाड वाजतं, सगळे कॅमेरे सरसावतात आणि काहीच पडत नाही. आणि पडतं तेव्हा आधी तुकडा कोसळताना दिसतो, आवाज मागून येतो.

कधीकधी ही हिमनदी समोरच्या द्वीपकल्पाला टेकते आणि अर्जेंटिनो तलावाचा एक फाटा अडतो. तिकडचं पाणी चढत जातं, बर्फाखालून वाट काढतं, वर कमान उरते आणि शेवटी तीही कोसळते. २०१६ आणि २०१८ च्या मार्चमध्ये असं झालं होतं. आम्ही गेलो तेव्हा कमान नव्हती. जगातल्या बहुतेक हिमनद्या आटत असताना ही कित्येक दशकं जागेवर टिकून होती, त्याचं मोठं कौतुक व्हायचं. अलीकडे तीही मागे सरू लागली आहे. जायचं असेल तर फार लांबणीवर टाकू नका.

चिलीतलं तोरेस देल पाइनेही केलं, पण त्याबद्दल काय लिहू? वाऱ्याने उभंच राहू दिलं नाही. फिकट ग्रॅनाइटच्या सुळक्यांवर जुन्या गाळाच्या खडकाची काळी टोपी, एवढं मात्र नीट पाहिलं.

*होबार्टहून*

टास्मानियात कुठेही जा, डोलेराइट या काळसर अग्निजन्य खडकाचे खांब दिसतात. आमच्या गावावरच्या कुनान्यी डोंगरावर आहेत, पण खरे बघायचे ते केप रॉउलला, थेट समुद्रातून वर आलेले. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिलेल्यांना ओळख पटेल. तापलेला रस थंड होताना आकसून तडे जातात, कारण दोन्हीकडे तेच. गिल्बर्ट हिल सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, इथले खांब १७ कोटींहून जुने. त्या काळी टास्मानिया, अंटार्क्टिका आणि भारत एकाच गोंडवन भूखंडात होते. याच काळातलं डोलेराइट अंटार्क्टिकाच्या डोंगरांतही आहे.

*सांगलीहून*

मी पर्यटक नव्हे. 'मैत्री' या अंटार्क्टिकातल्या भारतीय ठाण्यावर उन्हाळी तुकडीत होतो. आपलं पहिलं ठाणं, दक्षिण गंगोत्री, बर्फावर होतं आणि बर्फातच गाडलं गेलं. मैत्री १९८९ पासून खडकावर उभी आहे. त्या जागेला शिर्माकर ओॲसिस म्हणतात. जेमतेम ३५ चौरस किलोमीटर उघडा तपकिरी खडक, त्यात शंभराहून जास्त तळी. दक्षिणेला बर्फ चढत जातो, उत्तरेला समुद्रापर्यंत बर्फच. ठाण्याला पाणी प्रियदर्शिनी तळ्याचं. सूर्य मावळत नसल्याने झोपायचं घड्याळ बघून. सगळ्यात धीट प्राणी म्हणजे स्कुआ पक्षी, उघड्यावर खायला काढलं की झडप ठरलेली.

*नागपूरहून*

फेब्रुवारीत दक्षिण बेटावर जातोय. आईचे गुडघे दुखतात. मोएराकी झेपेल का?

झेपेल. वाहनतळापासून थोडं चाललं की गोटे, आणि ओहोटीला वाळू घट्ट असते. भरतीचं वेळापत्रक तेवढं आदल्या रात्री बघून ठेवा. मिलफर्डलाही बोटीत बसूनच सगळं दिसतं. काकूंना रेनकोट मात्र चांगला घ्या.