मुरलीकांत पेटकरांच्या फलकाचा मजकूर कुणी तपासून द्याल का? (म्युनिक, बॉक्सिंग, अर्जुन सगळं मिसळलंय)

मंडळी, जरा घाईची मदत हवी आहे. आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर सांगली जिल्ह्यातल्या खेळाडूंचे फलक रंगवायचं चाललंय, आणि पेठच्या मुरलीकांत पेटकरांचा जो मजकूर मंडळाकडून आलाय तो व्हॉट्सअ‍ॅपवरून जसाच्या तसा उचललेला आहे. त्यात लिहिलंय "१९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंगचं सुवर्णपदक, लगेच अर्जुन पुरस्कार". एका ओळीत इतका घोळ! त्यांच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' सिनेमा आल्यापासून तर असे फॉरवर्ड फारच वाढलेत.

मला जे पक्कं माहितीये ते सांगतो. पेटकर सैन्यात ईएमईमध्ये (यंत्रं-उपकरणं सांभाळणारी तांत्रिक शाखा) होते, बॉक्सिंग करायचे ते तेव्हा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं, बॉक्सिंग तिथेच संपलं. (गोळ्या किती लागल्या याचा आकडा प्रत्येक फॉरवर्डमध्ये वेगळा असतो, तो मी भिंतीवर घेणारच नाहीये.) त्यानंतर ते पोहण्याकडे आणि बाकीच्या खेळांकडे वळले, १९६८ ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये टेबल टेनिस खेळले, आणि १९७२ ला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्ण, वेळ ३७.३३ सेकंद, तो तेव्हाचा विश्वविक्रम. म्हणजे पदक पोहण्याचं आहे, बॉक्सिंगचं नाही.

आता म्युनिकचं. त्या वर्षीचं ऑलिम्पिक म्युनिकलाच झालं पण ते २६ ऑगस्टला सुरू झालं. पॅरालिम्पिक त्याच्या आधीच, २ ते ११ ऑगस्ट, हायडेलबर्गला उरकलं होतं. म्युनिकच्या क्रीडाग्रामाचे नंतर लगेच फ्लॅट करायचे ठरले होते म्हणून अपंग खेळाडूंच्या स्पर्धा दुसऱ्या गावी न्याव्या लागल्या. मंडळातले एक काका म्हणतात जर्मनी म्हणजे जर्मनी, काय फरक पडतो. मला पडतो हो, कारण शाळेतली पोरं ते वाचून वहीत उतरवणार आहेत आणि ऑलिम्पिक-पॅरालिम्पिक एकच समजणार आहेत.

पुरस्कारांचं तर विचारूच नका. पद्मश्री मिळाली २०१८ ला, म्हणजे पदकानंतर तब्बल ४६ वर्षांनी. आणि अर्जुन पुरस्कार, तोही जीवनगौरव प्रकारातला, २०२४ सालचा, जो प्रत्यक्ष हातात पडला १७ जानेवारी २०२५ ला राष्ट्रपती भवनात. त्याच कार्यक्रमात आपल्या जिल्ह्याच्या सचिन खिलारीलाही अर्जुन मिळाला, पॅरिस पॅरालिम्पिकच्या गोळाफेकीतल्या रौप्यासाठी. "लगेच अर्जुन" लिहिलं तर या माणसाला किती वर्षं वाट बघावी लागली तेच पुसलं जातं, आणि ते मला अजिबात मान्य नाही.

तर प्रश्न असे:

"पहिलं सुवर्ण" कसं लिहू? वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्णात पहिला अभिनव बिंद्रा, २००८, आणि शेजारच्याच फलकावर खाशाबा जाधव आहेत, १९५२ चं कांस्य, तिथेही "पहिले" शब्द आहेच. मी "पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक" असं लिहिलंय, वाचणाऱ्याला लगेच कळेल ना?

अर्जुनसमोर २०२४ घालायचं का २०२५? माझं मत पुरस्काराचं वर्ष २०२४ घालावं, म्हणजे सरकारी यादीशी जुळेल, पण अशा फलकांचं काम केलेल्यांनी सांगा.

आणि काकांना मोबाईलवरचं दाखवलं तर पटत नाही, कागदच हवा असतो. कुणाच्या घरी ऑगस्ट १९७२ च्या मराठी पेपरचं कात्रण असेल, नाहीतर कुठल्या ग्रंथालयात त्या महिन्याच्या फायली चाळायला मिळतात हे माहीत असेल तर प्लीज इथेच लिहा. पेंटर रविवारी येतोय, त्याला शनिवारी रात्रीपर्यंत मजकूर द्यायचाय.