मंडळीत मागची खुर्ची कुणाला?

उद्यमबागकर:
गेल्या रविवारची गोष्ट डोक्यातून जात नाही. बेळगावातल्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये (नाव देत नाही) उपासना सुरू व्हायच्या बेताला फाउंड्रीतला एक माणूस रातपाळी संपवून थेट आला. शर्टाला मोल्डिंगची काळी वाळू, नखांत काजळी, हातात रुमालात गुंडाळलेलं पवित्र शास्त्र. दारातल्या स्वयंसेवकानं त्याला चपलांच्या रॅकशेजारची प्लॅस्टिकची खुर्ची दाखवली. पाठोपाठ ब्लेझरवाले गृहस्थ आले, त्यांना हात धरून पहिल्या बाकावर नेलं.

बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढून बघा. सोन्याची अंगठीवाला आणि मळक्या कपड्यांतला असे दोघे सभेत येतात. एकाला मानाची जागा, दुसऱ्याला ‘तिथं उभा राहा, नाहीतर माझ्या पायाशी बस’. आमच्या दारात तेच घडलं. शमुवेल एवढा संदेष्टा, राजा निवडायला इशायाच्या घरी गेला, तोही थोरल्या अलियाबाची उंची बघून भुलला. इशायाचे सात मुलगे समोरून गेले, आणि देवानं निवडला तो मेंढरांमागं असलेला धाकटा दावीद. माणूस वरचं रूप बघतो, देव हृदय बघतो. मग आपण शर्ट का बघायचा?

कॅम्पातली:
त्या माणसाशी वागले ते चूकच. खरं कपड्याला काही किंमत नाही असं म्हणू नका. माझी आजी धुणीभांडी करायची. रविवारसाठी तिची एकच पांढरी साडी होती. शनिवारी रात्री नीळ घालून वाळवायची आणि तांब्यात निखारे भरून तिला इस्त्री करायची. गरीब होती म्हणूनच देवापुढं नीटनेटकं जायचं, हा तिचा हट्ट. मत्तयाच्या २२ व्या अध्यायात येशूनं सांगितलेल्या गोष्टीत लग्नाचा पोशाख न घालता आलेल्याला राजानं बाहेर काढलंच की.

उद्यमबागकर:
आजींच्या साडीला माझा नमस्कार. पण ती साडी त्यांनी स्वतःहून नेसली, दारात कुणी तपासून आत घेतली नव्हती. आणि त्या दाखल्यात रस्त्यावरचे बरे-वाईट सगळे आधी आत बोलावलेत. पोशाख बघायला राजा स्वतः येतो, नोकर नाही.

नंदगडवाला:
मला दुसरीच अडचण वाटते. ‘मन बघा, मन बघा’ म्हणत आपण किती जणांना मोकळं सोडतो! आमच्या गावात एकानं भिशीचे पैसे बुडवले. बायका आपले साठवलेले पैसे त्याच्या हातात देत होत्या. पैसे गेले तरी लोक म्हणायचे, ‘मनानं चांगलाय हो, वेळ वाईट आली.’ संदेष्टा यिर्मया तर म्हणतो, हृदयासारखं कपटी काही नाही. आणि येशूनं झाड ओळखायला सांगितलं ते फळावरून. योहानाच्या ७ व्या अध्यायातही न्याय करूच नका असं नाही, तोंड बघून करू नका, नीट करा, असं आहे. माणसाचं हृदय तुम्हाला दिसतं कुठं?

उद्यमबागकर:
हे मला पटलं, माझा शब्द चुकला. हृदय देवाला दिसतं, मला नाही. पण मग माझं म्हणणं जास्तच घट्ट होतं. ज्याचं मन मला दिसत नाही, त्याची जागा मी कशावरून ठरवतो? भिशीवाल्याला पैशांचा हिशोब विचारा, जरूर विचारा. तिथं त्याची करणी समोर आहे. रातपाळीवाल्याची कुठली करणी आम्ही बघितली? नखं तेवढी बघितली.

सदलग्याचा माळकरी:
मी वारकरी, तुमच्या घरचा नाही, तरी लिहितो. चोखोबांनी हेच सांगितलं : ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो. आमच्याकडं ऊस डोळ्यासमोर असतो, म्हणून हे लगेच कळतं. तरी चोखोबांना देवळाबाहेरच ठेवलं. अभंग तोंडपाठ असणाऱ्यांच्या गावातही दार बंद राहतं, हे आम्ही सोसलेलं आणि केलेलं दोन्ही आहे.

कॅम्पातली:
माळकरी दादा, दारापुरतंच कशाला? आमच्यात अजून मुलगी बघायला येतात तेव्हा पहिला प्रश्न रंगाचा, दुसरा आडनावाचा. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या तरी आडनावावरून ‘मूळचे कोण’ ते काढतात. माझ्या धाकट्या बहिणीला ‘सावळी आहे, पण स्वभाव छान’ म्हणून नकार आला. त्या ‘पण’वर ती रात्रभर रडली.

नंदगडवाला:
ताई, त्या ‘पण’ची लाज वाटते. माझ्याही घरात तो बोललेला आहे. पुढं नाही बोलायचा.

ब्लेझरचीही एक गोष्ट. १८२० मध्ये लंडन मिशन ही इंग्रज मिशनऱ्यांची संस्था बेळगावात आली, तिच्यामागून कोट-टायही आले. कोट म्हणजे भक्ती, हे आपणच जोडलं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताचं कीर्तन मराठमोळ्या थाटात केलं, ते भक्तीत कुठं कमी पडलं?

कॅम्पातली:
आजीची साडी मी सोडणार नाही. खरं उद्यमबागकर, तो माणूस पुन्हा आला का?

उद्यमबागकर:
काल फाउंड्रीच्या गेटवर भेटलो. म्हणाला, ‘रविवारी सुट्टी नाही, पाळी आठला सुटते, घरी जाऊन आलो तर वचन चुकतं.’ येत्या रविवारी मी सव्वाआठला गेटवर गाडी घेऊन उभा राहणार आहे. दुसऱ्या बाकावर आम्ही दोघं बसू. स्वयंसेवकाला आजच फोन करून सांगितलंय.