क्लायंटशी निष्ठा कुठवर?
जनसंपर्काच्या (पीआर) कामात "क्लायंट सांगेल ते मांडायचं, खरं-खोटं त्याचं त्याने बघावं" असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या पीआरएसए या जनसंपर्क व्यावसायिकांच्या संघटनेच्या आचारसंहितेतही क्लायंटशी निष्ठा आहे, पण तिथे लोकहिताची बांधिलकी त्याच वाक्यात आहे.

गुपित राखणं हा कामाचाच भाग आहे. "चौकशी चालू आहे, आत्ता बोलता येणार नाही" हे चालतं. "असं काही घडलंच नाही" हे मात्र स्वतः तपासल्याशिवाय लिहू नये. गाडी बहुतेक वेळा इथेच घसरते: वरिष्ठ फोनवर अर्धीच माहिती देतात, घाईत सरसकट इन्कार जातो आणि दोन दिवसांनी आतला ईमेल बाहेर येतो. मग पुढचं खरं निवेदनही कुणी मानत नाही.

म्हणून मसुद्यातल्या प्रत्येक दाव्यासमोर तो कुणी, कोणत्या कागदावरून दिला ते लिहा. इन्काराचं वाक्य असेल तर ज्याच्या हाताखाली ते काम झालं त्यालाच विचारा, मार्केटिंगला नको. शंका उरली तर हरकत लेखी नोंदवा आणि सोबत पर्यायी मजकूर द्या. नुसत्या नकारापेक्षा तो लवकर मान्य होतो. तरीही खोटंच पाठवा म्हणाले, तर त्या निवेदनाखाली आपलं नाव देऊ नये.

बेल पॉटिंजर या ब्रिटिश पीआर कंपनीचं उदाहरण आहेच. दक्षिण आफ्रिकेत वांशिक तेढ वाढवणाऱ्या मोहिमेमुळे 2017 मध्ये ब्रिटनच्या पीआरसीए या पीआर संघटनेने तिचं सदस्यत्व काढून घेतलं. क्लायंट पटापट सोडून गेले आणि त्याच महिन्यात कंपनी बुडीत निघून प्रशासकाच्या ताब्यात गेली.