एक्स्टेन्शनमध्ये भरलेली सेटिंग्ज कुठल्या फाइलमध्ये असतात?

प्रश्न:
विंडोजवर क्रोम वापरतोय. एका एक्स्टेन्शनमध्ये बरेच नियम भरलेत, पण त्यात एक्स्पोर्टची सोय नाही. 'एक्स्टेन्शन्स' फोल्डरमधली मॅनिफेस्ट फाइल उघडून पाहिली, तिच्यात माझा एकही नियम नाही. मग ते आहेत कुठे?

उत्तर १:
तिथे मिळणारच नाहीत. त्या फोल्डरमध्ये एक्स्टेन्शनचा कोड असतो; मॅनिफेस्टमध्ये नाव, व्हर्जन, परवानग्या एवढंच. तुमचा डेटा वेगळीकडे राहतो. ज्या प्रोफाइलमध्ये एक्स्टेन्शन आहे त्याच्याच विंडोत क्रोम://व्हर्जन उघडा आणि 'प्रोफाइल पाथ'समोरच्या फोल्डरात जा. (बरेच जण उगाच 'डिफॉल्ट' धुंडाळत बसतात.) आत 'लोकल एक्स्टेन्शन सेटिंग्ज', आणि त्यात एक्स्टेन्शनच्या ३२ अक्षरी आयडीचं फोल्डर. क्रोम://एक्स्टेन्शन्सवर डेव्हलपर मोड चालू केला की आयडी दिसतो.

उत्तर २:
फोल्डर सापडलं तरी नोटपॅडमध्ये वाचायला जाऊ नका. तो लेव्हलडीबी डेटाबेस आहे. एलडीबी फाइली सहसा स्नॅपी नावाच्या पद्धतीने कॉम्प्रेस केलेल्या असतात, त्यामुळे अर्धे शब्द आणि अर्धा कचरा दिसतो. शिवाय बदललेल्या नोंदींची जुनी मूल्यंही काही काळ तशीच पडून असतात. त्यातलं चालू कुठलं ते नुसतं बघून कळत नाही.
डेव्हलपर मोड चालू ठेवून एक्स्टेन्शनच्या चौकटीतल्या 'सर्व्हिस वर्कर' (एक्स्टेन्शनचा पडद्यामागे चालणारा कोड) लिंकवर क्लिक करा. उघडलेल्या विंडोतल्या कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करायची जागा) इंग्रजीत 'अवेट क्रोम.स्टोरेज.लोकल.गेट(नल)' टाइप करून एंटर. जे ऑब्जेक्ट येईल त्यावर राइट-क्लिक, 'कॉपी ऑब्जेक्ट', आणि जेसन (साध्या मजकुरातली डेटा) फाइल म्हणून सेव्ह करा.

प्रश्नकर्ता:
केलं. नुसते रिकामे महिरपी कंस आले.

उत्तर २:
मग 'लोकल'च्या जागी 'सिंक' (गूगल खात्याशी जुळवला जाणारा साठा) घालून बघा. तेही रिकामं आलं तर एक्स्टेन्शनचं ऑप्शन्स पान उघडा, एफ१२ दाबा आणि 'अ‍ॅप्लिकेशन' टॅबमध्ये इंडेक्स्डडीबी व लोकल स्टोरेज (साठवणीच्या आणखी दोन जागा; हे वरच्या 'लोकल'पेक्षा वेगळं) तपासा. लोकल स्टोरेज सर्व्हिस वर्करच्या कन्सोलमधून वाचताच येत नाही.

प्रश्नकर्ता:
सिंकमध्ये सगळे नियम मिळाले. आभार.

उत्तर ३:
दोन गोष्टी सांभाळा. हा जेसन हाती येईपर्यंत एक्स्टेन्शन काढू नका, कारण त्याबरोबर त्याचा साठवलेला डेटाही जातो. आणि कोडच्या फोल्डरातल्या फाइली बदलू नका: स्टोअरवरून घेतलेल्या एक्स्टेन्शनच्या फाइली क्रोम पडताळतो आणि फरक आढळला की ते 'करप्ट' ठरवून बंद करतो.
फायरफॉक्सवाल्यांसाठी: अबाउट:डीबगिंग, 'धिस फायरफॉक्स', एक्स्टेन्शनसमोर 'इन्स्पेक्ट', मग 'स्टोरेज' टॅबमध्ये 'एक्स्टेन्शन स्टोरेज'.