महिला ग्रामसभेचा ठराव सह्यांपुरताच उरतो. त्याला वजन कसे आणावे?

प्रभाग_तीन (प्रश्न)

मी सांगली जिल्ह्यातील एका लहान गावाच्या ग्रामपंचायतीची सदस्य आहे. आमच्या नऊ जणांच्या मंडळात पाच स्त्रिया आहेत. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींमध्ये किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेले, म्हणून आम्ही पाचजणी तिथे आहोत. ही खुर्ची राज्यघटनेने दिली असे म्हणायला मला संकोच वाटत नाही. माझी अडचण खुर्चीवर बसल्यानंतरची आहे.

ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते, आणि ती आमच्याकडे दर वेळी 'होते'. सकाळी दहाची वेळ दिली जाते, म्हणजे बायका भांगलणीला रानात असतात. मग तिन्हीसांजेला शिपाई प्रोसिडिंगची वही घेऊन घरोघर फिरतो. मागच्या खेपेला मी भाकरी थापत होते; तशाच हाताने सही केली आणि वर काय लिहिले आहे हे विचारायचे राहून गेले. दुसऱ्या दिवशी कार्यालयात वही पाहिली तेव्हा माझ्या सहीशेजारी पिठाचा अंगठा उमटलेला होता आणि वर चौसष्ट स्त्रियांनी 'सर्वानुमते' मंजूर केलेले सात ठराव होते. त्यांतला एकही आमच्यापैकी कोणी मांडला नव्हता.

यंदा आम्हाला एकच ठराव, पण आमचा, करून घ्यायचा आहे: गावातील प्रत्येक घराच्या नोंदीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, पतीबरोबर पत्नीचे नाव मालक म्हणून लागावे. शासनाची 'घर दोघांचे' ही कल्पना जुनी आहे, पण आमच्या नोंदवहीत ती पोहोचलेली नाही. हा विषय महिला सभेतून ग्रामसभेत न्यायचा तर तो मधल्या मध्ये विरून जाऊ नये यासाठी काय करावे? आणि असा ठराव झालाच, तर त्याने प्रत्यक्षात काही बदलते का?

निवृत्त_ग्रामसेवक

ताई, आयुष्यभर त्या वह्या मीच लिहिल्या, तेव्हा कबुलीपासून सुरुवात करतो. सह्या फिरवून घेण्याची पद्धत कोणा एका गावाची नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा, त्या प्रत्येकीआधी महिला सभा, शिवाय मासिक सभा, आणि बऱ्याच ठिकाणी एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावे. वही भरणे हेच काम होऊन बसते. हे समर्थन नव्हे. मात्र आपला मुकाबला बहुतेक वेळा दुष्टाव्याशी नसून सवयीशी आहे, हे आधी ध्यानात घेतले तर भांडण योग्य जागी होईल.

पहिली गोष्ट, विषय तोंडी सांगू नका. आपण सदस्य आहात. महिला सभेच्या आणि ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा असा लेखी अर्ज नोटीस निघण्यापूर्वी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नोटिशीत विषय नसेल तर तो 'ऐनवेळच्या विषयांत' जातो, आणि तिथे गेलेला विषय चहाबरोबर संपतो.

दुसरी गोष्ट गणपूर्तीची. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. अडचणीचे विषय असलेली सभा जाणूनबुजून तहकूब होऊ देऊन पुढच्या सभेत मूठभर माणसांत ती उरकणे ही जुनी खेळी आहे, आणि ती मी पाहिलेली आहे. म्हणून आपल्या बायका पहिल्या सभेला जेवढ्या आणाल, त्याहून अधिक तहकूब सभेला आणण्याची तयारी ठेवा.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी. ठराव घरून लिहून न्या. सूचक आणि अनुमोदक यांची नावे त्यात घाला. सभेत तो शब्दशः वाचा, आणि वहीत उतरल्यावर सभा सुटण्यापूर्वी पुन्हा वाचून दाखवायला सांगा. 'महिलांच्या मालकीबाबत चर्चा करण्यात आली' या वाक्याखाली मी किती ठराव पुरले असतील, याची आता लाज वाटते. पुढे माहितीच्या अधिकारात इतिवृत्ताची प्रमाणित प्रत मागून ठेवा, कारण वही सापडत नाही असेही कधी कधी होते.

कोर्टाची_पायरी

मी तालुका न्यायालयात वकिली करतो. वरील सल्ला उत्तम आहे, पण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे कडू आहे. नमुना ८ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही आहे. तिच्यातील नोंद म्हणजे मालकीहक्काचा पुरावा नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलेले आहे. उद्या पतीने घर विकायला काढले, तर केवळ त्या उताऱ्याच्या जोरावर पत्नी व्यवहार थांबवू शकेल अशी खात्री मी देणार नाही. शिवाय ग्रामसभा कोणाच्याही खासगी मालमत्तेत परस्पर वाटेकरी घालू शकत नाही. त्यामुळे 'प्रत्येक घरावर पत्नीचे नाव लावण्यात येईल' असा सक्तीचा ठराव केलात, तर पहिल्याच हरकतीत तो कोसळेल, आणि मग गावात 'बायकांचा ठराव उडाला' एवढेच लक्षात राहील. ठरावात 'पतीच्या संमतीने व दोघांच्या अर्जावरून' हे शब्द असू द्या.

तरीही ठराव करूच नका असे मी म्हणणार नाही. त्याचे कारण व्यवहाराचे आहे तसेच राज्यघटनेचेही. अनुच्छेद १४ आणि १५ मधील समानतेचे बंधन राज्यसंस्थेवर आहे. घरातील नवऱ्यावर ते थेट येत नाही. पण अनुच्छेद १२ च्या व्याख्येत स्थानिक प्राधिकरणे येतात, म्हणजे ग्रामपंचायत ही स्वतःच राज्यसंस्था आहे. घरात कोणाचे काय चालते यावर राज्यघटनेचा हात सहज पोहोचत नाही, पण ग्रामपंचायत आपल्या वहीत कोणाला कुटुंबाचे तोंड मानते, यावर तो निश्चित पोहोचतो. गेली कित्येक वर्षे अर्जाच्या छापील नमुन्यात एकाच नावापुरती जागा असेल, तर ती रीत बदलून मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि अनुच्छेद १५(३) स्त्रियांसाठी विशेष तरतूद करायला मोकळीक देतोच. आपली मागणी 'नवऱ्याने द्यावे' अशी न मांडता 'पंचायतीने नोंद करण्याची रीत बदलावी' अशी मांडा. ती अधिक टिकाऊ आहे.

आणखी एक. आपल्या गावठाणाची स्वामित्व योजनेखाली ड्रोनने मोजणी झाली आहे का, याची चौकशी करा. २०२० पासून या योजनेत गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका मिळत आहेत, आणि नमुना ८ पेक्षा त्या कागदाला कितीतरी अधिक वजन आहे. चौकशीच्या वेळी ज्याचे नाव सांगितले जाईल तेच पुढे चालणार. तेव्हा दोघांची नावे सांगायची असतील तर ती वेळ चुकवू नका.

माजी_सरपंच_अकोला

वकीलसाहेबांचे म्हणणे खरे असेल, पण नोंदीची किंमत फक्त न्यायालयात मोजू नये. आमच्या गावात दोघांची नावे लागल्यावर पहिला फरक पडला तो घरपट्टीची पावती कोणाच्या हातात द्यायची इथे. ग्रामपंचायतीचा माणूस दाराशी येऊन बाईचे नाव घेऊन हाक मारतो, ही गोष्ट चाळीस वर्षे 'अमक्याच्या घरची' म्हणवून घेतलेल्या बाईला लहान वाटत नाही.

आता दोन खाचखळगे सांगते, कारण दोन्हींत मी पडले आहे. नमुना ८ मध्ये मालकाचा रकाना वेगळा आणि भोगवटादाराचा वेगळा असतो. आमच्याकडे ठराव झाला, फटाके उडाले, आणि सहा महिन्यांनी उतारे पाहिले तर बायकांची नावे भोगवटादाराच्या रकान्यात! म्हणजे घर त्याचे, राहते ती. कारकून म्हणाला, "नाव लावा एवढेच ठरावात होते." रकान्याचे नाव ठरावात लिहा.

दुसरी चूक अधिक खोल आहे, आणि ती 'दोघांचे' या शब्दातच आहे. ज्यांच्या घरी दोघे आहेत त्यांचीच त्यात सोय होते. आमच्या गावात नवऱ्याने टाकलेल्या बायका माहेरी परतून पडवीत वेगळी चूल मांडून राहत होत्या. त्यांचे नाव ना सासरच्या उताऱ्यावर, ना माहेरच्या. विधवांचे तर असे होई की नवरा गेला की वारस नोंदीला मुलगे अर्ज देत, आणि आईचे नाव 'ती काय, आमच्यातच आहे' म्हणून गळे. बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतलेलीच असे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क देणारा बदल महाराष्ट्राने देशाच्या आधी, १९९४ मध्ये केला, पण रक्षाबंधनाच्या ओवाळणीत तो हक्क परत घेतला जातो, हे आपण सर्वच जाणतो. म्हणून वारस नोंद करताना आई आणि मुली यांच्यासह सर्व वारसांची नावे अर्जात असल्याखेरीज अर्ज स्वीकारू नये, हे कलम आपल्या ठरावात घालाच. तुमच्या मूळ मागणीपेक्षा याला विरोध जास्त होईल. तेव्हा तयारीने जा.

आणि ठरावाने काय होते असे कोणी विचारले, तर कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडचे नाव सांगा. मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, त्या गावाने पती निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यात पोलीस नव्हते, दंड नव्हता. तरी त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडणे हे अनुच्छेद ५१क मधील मूलभूत कर्तव्य आहे, पण ते गावात वाचले गेले हेरवाडनंतर.

कोर्टाची_पायरी

भोगवटादाराच्या रकान्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती, मान्य. हेरवाडबद्दल एक पुरवणी: परिपत्रकानंतर तसे ठराव करणाऱ्या अनेक गावांत तो कागद फाइलीत गेला. हेरवाडमध्ये आधी घरोघर बोलणे झाले होते आणि मग ठराव आला. आपण क्रम उलटा करू नये.

प्रभाग_तीन

सर्वांची आभारी आहे. १५ ऑगस्टची ग्रामसभा झाली, म्हणून वृत्तांत देते.

महिला सभा आम्ही आदल्या दिवशी रात्री आठला घ्यायला लावली. आधी देवळाच्या सभामंडपात ठरली होती, पण सगळ्यांना सगळ्या दिवशी तिथे येता येत नाही हे एका सुनेने हळूच सांगितले, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात हलवली. एक्केचाळीसजणी आल्या. ठराव मोठ्याने वाचला, आणि सह्या नंतर घेतल्या.

ग्रामसभेत गणपूर्ती झाली. एका ज्येष्ठ गृहस्थांनी विचारले की नाव लावल्यावर बाई घर सोडून गेली तर काय करायचे. मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, तोवर मागून एक आजी म्हणाल्या, "काहीच नावावर नव्हतं तवा पन्नास वर्सं गेले न्हाई, आता घर नावावर झाल्यावर कुठं जाऊ?" हशा झाला आणि तो विषय तिथेच मिटला. दोघांच्या अर्जावरून पत्नीचे नाव मालकाच्या रकान्यात, असा ठराव मंजूर झाला, आणि वही तिथेच वाचून घेतली. वारस नोंदीच्या कलमावर मात्र माजी_सरपंच ताईंनी सांगितले तसेच झाले. जे हसले होते तेच गंभीर झाले, 'याचा अभ्यास करू' असे ठरले, आणि ते कलम २ ऑक्टोबरच्या सभेवर गेले. तो विषय नोटिशीत यावा म्हणून अर्ज आजच दिला आहे. पोच घेतली आहे.

आतापर्यंत तेवीस जोडप्यांनी अर्ज नेले, अकरा भरून आले. माझ्या घराचा अजून गेलेला नाही. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, आणि वकीलसाहेबांच्या हिशेबाने आधी सासूबाईंचे नाव लागायला हवे. सासरे पंढरपूरला गेले आहेत. आले की विचारणार आहे. सासूबाईंनी मात्र अर्जावर आपली सही करून ठेवली आहे.