मदत हवी आहे: हॅलोविनला कुणी आपल्या दारात पडलं तर?

नमस्कार मंडळी. आम्ही एडिसनला (न्यू जर्सी) यंदाच घर घेतलंय. आजवर अपार्टमेंटमध्ये राहिल्याने ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनला, सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागत येणाऱ्या पोरांची जबाबदारी आपल्यावर असते हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. शेजारच्या आजी म्हणाल्या, पोर्चचा दिवा लावला की ते आमंत्रणच.

प्रश्न पायऱ्यांचा आहे. विटांच्या आहेत, खालून दुसरीवरची एक वीट हलते, त्यात मेपलची ओली पानं. पायघोळ झगा आणि मुखवटा घातलेलं पोर तिथे घसरणार हे सांगायला ज्योतिषी नको. गवंडी नोव्हेंबरशिवाय मिळत नाहीये. पायऱ्या दोरी बांधून बंद केल्या आणि गॅरेजसमोर टेबल मांडून चॉकलेटं वाटली तर पुरेसं होईल? की ‘धोका माहीत होता, तरी दुरुस्त केला नाही’ म्हणून उलट अंगाशी येईल?

होमओनर्स इन्शुरन्समध्ये (घराच्या विम्यात) लायबिलिटी, म्हणजे आपल्या चुकीने कुणाला इजा झाली तर द्यायची भरपाई, १,००,००० डॉलर आणि पाहुण्यांच्या औषधोपचाराला वेगळे १,००० डॉलर आहेत. ते तर इमर्जन्सी रूमच्या एका फेरीतच उडतील. हा आकडा कुणी वाढवून घेतलाय का? अम्ब्रेला पॉलिसी (घराच्या विम्यावर जादा लायबिलिटीचं कवच) घ्यावी का?

भोपळ्यात खरी मेणबत्ती नाही, बॅटरीचेच दिवे लावणार. कुत्रा मागच्या खोलीत राहील. तेवढं ठरलंय.

इथला कायदा किंवा इन्शुरन्स जाणणाऱ्यांनी कृपया सांगा. ‘काही होत नाही गं’ एवढंच नको, ते आमच्या घरात रोज ऐकतेच आहे.