लायसोपीसी (सीरममधलं लिपिड, ते कमी झालं की मलेरियाचा परजीवी लैंगिक रूपाकडे वळतो) काढूनही ३डी७ मध्ये गॅमेटोसाइट (डासात जाणारी लैंगिक रूपं) येत नाहीत, नेमकं कुठे अडतंय? (रिंगस्टेज, जिएम्सा, हेटरोक्रोमॅटिन ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं.)

रिंगस्टेज: फाल्सिपेरम (मलेरियाचा परजीवी), ३डी७ क्लोन. मीडियम आरपीएमआय १६४०, ०.५% अल्ब्युमॅक्स २ (सीरमऐवजी वापरायचं लिपिडयुक्त अल्ब्युमिन), हेमॅटोक्रिट (लाल पेशींचं प्रमाण) ५%. सॉर्बिटॉलने दोनदा सिंक्रोनाइज केलं (सगळे परजीवी एकाच वयाचे), ट्रोफोझोइट (वाढीचा मधला टप्पा) झाल्यावर २२ तास फॅटी ॲसिड नसलेलं बीएसए (गायीचं अल्ब्युमिन), ओलेइक आणि पामिटिक ॲसिड (प्रत्येकी ३० मायक्रोमोलर) एवढ्यावर ठेवलं. कंट्रोल फ्लास्क अल्ब्युमॅक्सवरच. क्यूपीसीआरमध्ये दोन्हीकडे एपी२-जी (लैंगिक विकास सुरू करणारं जनुक) सारखाच, आणि चौथ्या दिवशी स्टेज २ गॅमेटोसाइट (एकूण पाच टप्प्यांतला दुसरा) हजारात एखादा. मोजण्यात चूक आहे की इंडक्शनच (लैंगिक रूपाकडे वळणं) होत नाही?

जिएम्सा: हजारात म्हणजे हजार लाल पेशींत की हजार परजीवींत? रिंग (पेशीत नुकतेच शिरलेले परजीवी) २% असताना हजार पेशींत एक म्हणजे वीसात एक, ५% कन्व्हर्जन. ते काही वाईट नाही.

छेद नवीन रिंगांचा धरा, चौथ्या दिवशीच्या एकूण परजीवींचा नको. तोवर अलैंगिक परजीवी पुन्हा शिरून वाढलेले असतात आणि टक्केवारी उगाच पडते. रिंग मोजल्या की लगेच ५० मिलिमोलर एन-ॲसिटिलग्लुकोसमाइन घाला (ते अलैंगिक परजीवी मारतं), रोज बदला, पाच-सहा दिवस. स्टेज १ ट्रोफोझोइटसारखाच दिसतो, त्यावर पैज लावू नका.

दुसरं, तुमचा कंट्रोल कंट्रोलच नाही. अल्ब्युमॅक्समध्ये सीरमच्या मानाने लायसोपीसी फारच कमी, म्हणजे तो फ्लास्क आधीच अर्धा इंड्यूस झालेला. त्यात २ मिलिमोलर कोलीन घाला, मग फरक दिसेल.

रिंगस्टेज: हजार परजीवींत. छेद नवीन रिंगांचाच आहे.

हेटरोक्रोमॅटिन: मग कंट्रोलवर बोट ठेवून भागणार नाही. दोन्ही फ्लास्क इंड्यूस झाले असते तर दोन्हीकडे गॅमेटोसाइट भरपूर दिसले असते. क्लोनच गेलेला वाटतो.

एरवी एपी२-जी वर एचपी१ हे प्रथिन बसलेलं असतं, जनुक मिटलेलं. जीडीव्ही१ हे दुसरं प्रथिन ते एचपी१ उठवतं, तेव्हा एपी२-जी उघडतं आणि स्वतःलाच आणखी चालू करतं. म्हणून हा स्विच पेशीगणिक चालू किंवा बंद. क्यूपीसीआरचा आकडा प्रत्येक पेशीतली पातळी सांगत नाही, मुख्यतः किती पेशी उघडल्या ते सांगतो. नमुना ४०-४८ तासांच्या शायझोंटचा (पेशी फुटण्याआधीचा टप्पा) घ्या, पुढच्या सायकलच्या कोवळ्या रिंगांचा वेगळा. दोन्ही फ्लास्क एकाच वयाचे हवेत, नाहीतर वयातला फरकच इंडक्शन वाटतो. आणि डीएनेझ (नमुन्यातला डीएनए काढणारं एन्झाइम) नीट करा, रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज न घातलेली ट्यूब सोबत चालवाच.

गॅमेटोसाइट झालेली पेशी फ्लास्कमध्ये पुढे विभागत नाही. त्यामुळे सततच्या कल्चरमध्ये गॅमेटोसाइट न बनवणारेच जिंकतात. नेहमीचे दोन दोष: क्रोमोसोम ९ च्या उजव्या टोकाचा तुकडा तुटून जीडीव्ही१ जाणं, किंवा एपी२-जी मध्ये अकाली स्टॉप कोडॉन (एफ१२ क्लोनमध्ये हाच आहे). साधा पीसीआर फसवतो. दहातल्या एकात जनुक असलं तरी बँड येतो. जीनोमिक डीएनएवर जीडीव्ही१ आणि एखादं खात्रीचं एकप्रती जनुक यांचं गुणोत्तर काढा.

रिंगस्टेज: गुणोत्तर ०.०८ आलं.

हेटरोक्रोमॅटिन: झालं. लायसोपीसी काढल्याचा निरोप पोहोचवायला जीडीव्ही१ च नाही, मीडियम कितीही बदला. उरलेल्या आठ टक्क्यांतून सबक्लोन करता येईल, पण वेळ फुकट जाईल. सुरुवातीच्या पॅसेजचं (कल्चरमध्ये फार न वाढवलेलं) एनएफ५४, म्हणजे ३डी७ ज्यातून आला तो मूळ स्ट्रेन, काढा. (वाचताना एक जपा: बर्गेईमध्ये (उंदरांच्या मलेरियाचा परजीवी) जीडीव्ही१ नाही आणि लायसोपीसीचा परिणामही दिसत नाही. उंदरांवरच्या पेपरमधलं एपी२-जी च्या आधीच्या पायऱ्यांबद्दलचं काहीही जसंच्या तसं उचलू नका.)

जिएम्सा: नवीन व्हायल पहिल्या दिवसापासून कोलीनवर वाढवा आणि कोलीन फक्त इंडक्शनच्या सायकलमध्ये काढा, म्हणजे निवडीचा दाब कमी राहतो. मीडियम बदलण्याआधी साध्या आरपीएमआयने दोनदा धुवा, सीरमचा अंशही आडवा येतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच डझनभर व्हायल गोठवा.

स्टेज ५ ला दहा-बारा दिवस लागतात. तेव्हा प्लेट आणि मीडियम दोन्ही ३७ अंशांवरच हाताळा. तापमान उतरलं आणि पीएच चढला तर पक्व नर तिथेच एक्सफ्लॅजेलेट होतात (शेपटीवाले नर गॅमेट बाहेर टाकतात), माद्याही सक्रिय होतात, आणि डासांना पाजायच्या दिवशी हाती उपयोगाचं फारसं काही उरत नाही.